जास्त खिळे म्हणजे पक्की नाल? नाही!

ठाण्यात वरातीचे घोडे पाळणाऱ्यांत एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: नाल निघते? मग दोन खिळे जादा ठोका, लांब ठोका. कृपा करून असं करू नका.

खुराची भिंत आपल्या नखासारखीच केराटिनची असते. खिळा या निर्जीव भिंतीतून, तळाच्या पांढऱ्या रेषेच्या बाहेरून जायला हवा. आत गेला की घोडा लंगडतो. प्रत्येक जादा भोक भिंत कमजोर करतं, आणि तीच तुटली तर खिळा धरणार कशाला? साधारण सहा ते आठ खिळे पुरतात. मागच्या भागात तर ठोकूच नयेत. पाय टेकला की टाच पसरते, तिला मोकळीक लागते.

खरी पकड येते ती कानशीने सपाट केलेल्या खुरावर नाल नीट टेकल्याने, आणि बाहेर आलेली खिळ्यांची टोकं वळवून बसवल्याने. खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतो, तशी ही टोकं सैल होतात. म्हणून सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवाच. पावसाळ्यात तबेला कोरडा ठेवा. भिजून-सुकून खूर ठिसूळ होतो. वरातीच्या आदल्या दिवशी प्रत्येक टोकावरून बोट फिरवा. उचललेलं लागलं, तर ती घोडी नेऊ नका.