मोटारसायकलच्या मीटरमधील विद्युत बिघाड

मोटारसायकलच्या हँडलसमोर वेग, कापलेले अंतर, इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे आणि पेट्रोलची पातळी दाखवणारा संच असतो. त्यातच न्यूट्रल, इंडिकेटर, हाय बीम, एबीएस यांचे दिवेही असतात. गॅरेजमध्ये या साऱ्याला मिळून मीटर म्हणतात. मीटर बंद पडले म्हणजे मीटरच बिघडले, असे मात्र नसते. दोष बहुधा त्याच्यापर्यंत येणाऱ्या वीजपुरवठ्यात, अर्थिंगमध्ये (वीज चासीमार्गे बॅटरीकडे परतण्याची वाट), कपलरमध्ये (वायरी जोडणारा प्लग) किंवा हँडलखाली वाकणाऱ्या वायरिंगमध्ये सापडतो. आजकालचे मीटर सीलबंद आणि महाग असते, त्यामुळे ते बदलणे हा तपासाचा शेवटचा टप्पा असायला हवा. व्यवहारात तो अनेकदा पहिलाच असतो.

तपासाआधी गाडी कोणत्या पिढीची आहे हे पाहावे. स्ट्रासबुर्गच्या ऑटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत फिरत्या चुंबकामुळे धातूच्या वाटीत भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि त्या ओढीने काटा सरकतो. पुढच्या चाकाकडून केबल येणाऱ्या गाड्यांत हेच तत्त्व आहे. तिथे वेगाचा काटा मेला, तर मल्टिमीटर बाजूला ठेवून आधी केबल आणि चाकाजवळचा गिअर पाहावा. नंतरच्या गाड्यांत चाकाजवळ किंवा गिअरबॉक्सवर चुंबकक्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर आला आणि वेग विजेच्या स्पंदांत मोजला जाऊ लागला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे मानक लागू झाल्यावर इंधन इंजेक्शनच्या गाड्या सर्रास झाल्या आणि मीटर इसीयूशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाशी, बोलू लागले.

मीटरला साधारणपणे वीज दोन वाटांनी मिळते. एक बॅटरीतून कायमची, घड्याळ आणि ट्रिपची नोंद टिकवण्यासाठी. दुसरी चावी फिरवल्यावरची. तिसरी वाट अर्थची. चावी बंद करताच घड्याळ शून्यावर जात असेल, तर कायमचा पुरवठा तुटला आहे. सेल्फ मारताना डिस्प्ले विझून पुन्हा सुरू होत असेल, तर आधी बॅटरीवर संशय घ्यावा. निवांत उभ्या गाडीत चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फच्या वेळी ती १० व्होल्टच्या बरीच खाली गेली की मीटरमधला प्रोसेसर तग धरत नाही. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नये, दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजावे. रंगांवरही आंधळा भरवसा नको. होंडा व हिरोच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थची आणि काळी चावीनंतरच्या पुरवठ्याची असते. काळी म्हणजे अर्थ असे धरून चालणारा तिथे पहिल्याच फटक्यात फ्यूज उडवतो.

अर्थिंगचा दोष सर्वांत फसवा. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच तालावर हलतो, ब्रेक दाबला की मीटरचा उजेड मंदावतो, भलताच दिवा अंधुक पेटतो: हे सगळे एकाच गोष्टीचे अवतार, परतीची वाट अरुंद झाली की वीज दुसऱ्या कुणाच्या तरी वाटेने बॅटरीकडे जाते. इथे वायर सलग आहे का हे सांगणारा मल्टिमीटरचा ‘बीप’ कामाचा नाही. दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी बीप वाजतो. खरी परीक्षा भाराखाली होते. चावी सुरू, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट चालू, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे मीटरच्या कपलरमध्ये मागून अर्थच्या पिनला टेकवलेले. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट दिसला तर चासीवरचा बोल्ट सोडून, रंग आणि गंज खरवडून तो पुन्हा घट्ट करावा. पुरवठ्याच्या वायरचीही अशीच परीक्षा बॅटरीच्या धन खांबाशी जोडून घेता येते.

बिघाड कधी येतो आणि कधी जातो अशी तक्रार असेल तर चावी सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. ठरावीक कोनातच मीटर विझत असेल, तर चासीच्या मानेजवळ, जिथे वायरिंग प्रत्येक वळणाला दुमडते, तिथे तांबे तुटलेले असते. वरचे आवरण शाबूत राहिल्याने डोळ्यांना काही दिसत नाही. संशयित वायर दोन्ही हातांनी हलकेच ओढली की तुटलेल्या जागी आवरण रबरासारखे ताणले जाते. तो तुकडा कापून, नवी वायर सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवावी. मात्र सांधा वाकणाऱ्या जागेपासून दूर ठेवावा, नाहीतर सोल्डरने कडक झालेली वायर काही महिन्यांत तिथेच तुटते. पिळून चिकटपट्टी लावलेला जोड पहिल्या पावसापर्यंतच टिकतो.

पावसाचा विषय निघालाच आहे. कोकणातल्या पावसाइतकाच घातक सर्व्हिसिंगचा प्रेशर पंप. हेडलाइटच्या मागचे कपलर उघडले तर पिनांवर हिरवट थर दिसतो. तो काँटॅक्ट क्लीनरने काढावा, सैल पडलेली पिन बारीक सुईने आवळावी आणि ओल रोखणारे थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून कपलर बसवावा. काचेच्या आत सकाळी धरलेले बाष्प उन्हाने निघून जात असेल तर घाबरण्याचे कारण नाही. थेंब साचत असतील तर सील गेले आहे.

पुरवठा आणि अर्थ ठीक असूनही एखादीच गोष्ट चालत नसेल, तर त्या सर्किटपुरते पाहावे. न्यूट्रलचा दिवा बहुतेक गाड्यांत इंजिनावरच्या स्विचमधून अर्थ मिळाल्यावर पेटतो. त्या स्विचची वायर काढून इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावी. दिवा लागला तर स्विच खराब, नाही लागला तर वायर किंवा दिवा. पेट्रोलच्या काट्यासाठी टाकीतल्या फ्लोटचा रोध मोजावा. फ्लोट हाताने वरखाली करताना तो सलग बदलला पाहिजे, मध्येच उडी मारता कामा नये. तीन वायरींच्या वेग सेन्सरला पुरवठा आणि अर्थ मिळत असतील, तर चाक हाताने हळू फिरवताना तिसऱ्या वायरवरचे व्होल्टेज शून्य आणि वरच्या पातळीत आलटून-पालटून दिसते. या वायरींवर जुना बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नये. त्याने ओढलेला प्रवाह सेन्सर किंवा इसीयूला झेपत नाही.

मालकाने हौसेने लावलेले एलईडी इंडिकेटर हा वेगळाच प्रकार. अनेक गाड्यांच्या मीटरमध्ये डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच सूचक दिवा असतो आणि तो दोन्ही बाजूंच्या वायरींमध्ये आडवा जोडलेला असतो. डावा इंडिकेटर लागला की त्या दिव्यातून वीज उजव्या बाजूच्या १० वॉटच्या बल्बमधून अर्थला जाते. बल्बला इतक्याशा प्रवाहाने काही होत नाही, एलईडी मात्र चमकतो आणि चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात. दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) बसवून सूचक दिव्याचे दुसरे टोक थेट अर्थला दिले की हे थांबते. लुकलुकणे फार जलद होत असेल तर फ्लॅशरही (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) एलईडीचा हवा.

मीटरचे दिवे वारंवार उडत असतील तर चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर तपासावा. इंजिनाला रेस दिल्यावर बॅटरीवर १४ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. १५ च्या वर गेले तर नवे मीटरही वाचणार नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढणे याच कारणाने महागात पडते. जुन्या गाड्यांत मीटरचे बल्ब थेट मॅग्नेटोच्या एसीवर असतील, तर रेस दिल्यावर उजेड वाढणे हा दोष नव्हे. फेऱ्यांचा काटा विनाकारण नाचत असेल, तर स्पार्क प्लग (ठिणगीचा विद्युत गोंगाट अडवणारा) रोधक असलेलाच आहे ना ते पाहावे.

नव्या गाड्यांत मीटर आणि इसीयू यांच्यात बॉशने १९८६ मध्ये जगापुढे आणलेली कॅन जोडणी, म्हणजे दोन वायरींवरून संदेश पाठवण्याची पद्धत, असते. बॅटरी काढून तिच्या दोन वायरींमधला रोध मोजला तर दोन टोकांच्या १२० ओहमच्या रोधकांमुळे ६० ओहम मिळतो. १२० मिळाला तर एक टोक तुटले आहे. स्कॅनरवर पी०५०० हा कोड वेग सेन्सरच्या सर्किटकडे आणि पी०५६२ कमी व्होल्टेजकडे बोट दाखवतो. कोड सर्किट सांगतो, सुटा भाग नव्हे.

एवढे सगळे ठीक निघाले तरच दोष मीटरच्या आत. एलसीडीच्या आकड्यांचे तुकडे गायब होत असतील तर काच आणि बोर्ड यांमधली वाहक रबरी पट्टी निसटलेली किंवा मळलेली असते. सुटलेले सोल्डर चांगला कारागीर पुन्हा भरतो. उन्हाने काळवंडलेल्या काचेला मात्र सोल्डरचा इलाज नाही. मीटर बदलल्यास जुन्या ओडोमीटरचा आकडा, तारीख आणि बिल सर्व्हिस बुकात नोंदवून ठेवावे, कारण नवे मीटर सहसा शून्यापासून मोजते आणि गाडी विकताना पहिला प्रश्न त्याच आकड्यावर येतो. काही गाड्यांत इमोबिलायझर (खरी चावी ओळखूनच इंजिन सुरू होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा) मीटरशी जोडलेला असतो; तिथे भंगारातून आणलेले मीटर कोडिंग केल्याशिवाय गाडी सुरूच होऊ देत नाही.