राखेखालचा विस्तव

मार्च लागला की कोकणातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली: वणव्यात आंबा-काजूची बाग खाक. कारण म्हणून ‘अज्ञाताने आग लावली’ किंवा ‘शॉर्टसर्किट’. दोन्ही कधी कधी खरंही असतं. पण पुष्कळदा त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी शेजारच्या कुणीतरी भाजावळ केलेली असते आणि तो माणूस शपथेवर सांगतो, ‘मी विझवूनच घरी गेलो.’ तो खोटं बोलत नसतो. आग विझली म्हणजे नेमकं काय झालं, हेच आपल्याला नीट ठाऊक नसतं.

घाटावरच्या वाचकांसाठी: भाताचा तरवा (लावणीची रोपं) जिथे टाकायचा त्या तुकड्यावर शेण, तोडलेली कवळं (झाडांच्या डहाळ्या), पातेरा (सुका पाला), गवत यांचे थर रचून वर थोडी माती पसरतात आणि उन्हाळ्यात ते भाजून काढतात. हा राब, आणि त्याचं भाजणं म्हणजे भाजावळ. तणाचं बी जळतं, राखेतून पालाश मिळतं. गादीवाफ्यावर शेणखत घालून रोपं उत्तम होतात, त्यामुळे राब भाजायलाच हवा असं नाही. पण परसातला पाचोळा तरी कुठे जातो? त्यालाही शेवटी काडीच लागते.

आता माझ्या आवडीचा भाग. लाकूड जळतं तेव्हा ज्वाळा लाकडाची नसते. तापमान दोनशे अंशांच्या पुढे गेलं की लाकडातल्या लांबलचक साखळ्या तुटू लागतात, ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि हवेत मिसळून ते वायू पेटतात. वायू संपले की ज्वाळा संपते. आपण म्हणतो, विझली. मागे उरतो कोळसा, म्हणजे बहुतांशी कार्बन. त्याची वाफ होऊन तो ऑक्सिजनला भेटायला जात नाही. ऑक्सिजनलाच त्याच्या पृष्ठभागापर्यंत चालत यावं लागतं. जळणं चालूच असतं, फक्त ज्वाळेशिवाय. यालाच आपण धुमसणं म्हणतो.

या निखाऱ्याला कमी लेखू नका. सुक्या लाकडाच्या एका ग्रॅममधून 15 ते 18 किलोज्यूल उष्णता मिळते, कार्बनच्या एका ग्रॅममधून जवळपास 33. मग तो धडाडून का पेटत नाही? कारण वर राख साचते. राखेच्या थरातून ऑक्सिजन झिरपत झिरपत येतो, म्हणून जळण्याचा वेग मंदावतो. पण तीच राख उष्णतेलाही बाहेर जाऊ देत नाही. आवकही कमी आणि खर्चही कमी. जोवर निर्माण होणारी उष्णता निसटणाऱ्या उष्णतेला पुरून उरते, तोवर आत पाचशे-सातशे अंशांचा संसार सुखाने चालतो आणि वर पांढरीशुभ्र, निरुपद्रवी राख दिसते.

आमच्या आजीला यातलं एक समीकरण येत नव्हतं, पण रात्री ती निखारे राखेत पुरून ठेवी आणि पहाटे फुंकणीने राख उडवून चूल पेटवी. नाहीच राहिला तर शेजारणीकडून विस्तव आणायचा. ज्या दोन घरांमधून विस्तवही जात नाही, त्यांचं वैर किती ते त्यावरून कळायचं. व्युत्पत्तीचं भाषातज्ज्ञांनी बघावं, पण राख विस्तव राखते हे खरं.

धुमसणारी आग मिनिटाला साधारण एखादा मिलिमीटर सरकते. हास्यास्पद वाटतं ना? चोवीस तासांत हे अंतर दीड मीटरच्या आसपास जातं. एखाद्या सुक्या मुळातून किंवा जुन्या बुंध्यातून बांधाच्या पलीकडे पोचायला तेवढं पुरतं. तिथे पातेरा असतो. वाऱ्याने राख उडवली, ऑक्सिजन मोकळा झाला, की पुन्हा ज्वाळा.

वाऱ्याचंही एक गणित आहे. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केलेले असतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारी मंद झुळूक बघून माणूस काडी लावतो, दुपारपर्यंत वारा उलटून डोंगराकडे वाहू लागतो. डोंगर म्हणजे चढ, आणि दर दहा अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा वनरक्षणातला ठोकताळा आहे.

मग माती लोटून विझवावी का? रायगडच्या कोळसाभट्टीवर राबलेल्या कातकरी माणसाला विचारा. लाकूड रचून वर मातीचा लेप देऊन दिवसचे दिवस धुमसत ठेवणं, हीच तर भट्टी. मातीने ज्वाळा दबते, निखारा नाही. पाणीच हवं, आणि तेही आतपर्यंत. एक लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला यायला जेवढी उष्णता घेतं, त्याच्या जवळजवळ आठपट त्याची वाफ होताना घेतं. ही वाफ निखाऱ्याच्या अंगावर व्हायला हवी. वरून ओतलेलं पाणी राखेचा चिखल करतं आणि थांबतं. म्हणून ओता, फावड्याने उलथा, पुन्हा ओता. मग हाताची पाठ जवळ नेऊन धग बघा. त्याआधी भोवतीचा हातभर तरी रुंद पट्टा मातीपर्यंत साफ केलेला हवा, आणि वारा पडलेला. पेट्रोल शिंपडू नका, त्याची जड वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी लावणाऱ्याच्या पायाशीच पेटते. ढिगात बिब्ब्याचं लाकूड तर नाही ना, तेही बघा. दृष्ट लागू नये म्हणून दारात टांगलेल्या बिब्ब्याने काय होतं कोण जाणे, त्याचा धूर मात्र अंगावर उततो.

होळीच्या आसपास एक संदेश फिरतो: गोवरीवर दहा ग्रॅम तूप जाळलं की एक टन ऑक्सिजन तयार होतो. दहा ग्रॅमचे हजार किलो! जळताना ऑक्सिजन खर्च होतो, एवढं आठवीचं पोर सांगेल.

गेल्या चैत्रात काकांचा राब भाजून झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज काठीने उकरलं, तर किंजळीच्या जुन्या बुंध्याशी लाल डोळा उघडला. काका चिडलेच. ‘अरे, काल दोन कळशा ओतल्या होत्या की!’ आणखी पाण्याच्या खेपा घातल्या. पाचव्या कळशीला बुंध्याचं चुरचुरणं थांबलं.