तिशीतला मेंदूतला रक्तस्राव आणि कफ सुटायची गोळी

तरण्याताठ्या माणसाला अर्धांगवायू झाला की इकडे दापोली-गुहागरच्या गावांत अजूनही कुणीतरी म्हणतंच, ‘बाहेरचं लागलंय.’ मग देवस्की होते, लुळ्या हाताला पारव्याचं रक्त चोळलं जातं आणि सीटी स्कॅनसाठी रत्नागिरी गाठेपर्यंत मोलाचे तास गेलेले असतात. पारव्याच्या रक्तात कसलंही औषध नाही, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

असा झटका कधी मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्यानेही येतो. तरुणपणी ती फुटण्याची कारणं अनेक. त्यातलं एक अतिशय दुर्मीळ कारण आइसलँडमधल्या काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आई किंवा वडील, एकाकडून सदोष जनुक आलं तरी पुरतं. सरासरी तिशीतच मृत्यू ओढवतो. दोष आहे सिस्टॅटिन-सी या प्रथिनात. १२० अमिनो आम्लांच्या साखळीत ६८व्या जागी ल्युसिनऐवजी ग्लुटामिन. बस्स, एवढंच!

ल्युसिन पाण्याला टाळतं, म्हणून प्रथिनाच्या गाभ्यात घट्ट बसतं. ग्लुटामिनला पाणी चालतं. गाभा सैल पडतो, रेणू उलगडतो. त्याचा एक भाग शेजारच्या रेणूत जाऊन बसतो आणि शेजारच्याचा याच्यात. गौरीपुढे फुगडी घालताना बायका हातात हात अडकवतात, तसे हे दोन रेणू अडकतात. फुगडी सुटते, ही जोडी सहजी सुटत नाही. पुढे तंतू बनतात, तेच अमायलॉइड. ते बारीक धमन्यांच्या भिंतीत साचतं, तिथल्या स्नायूपेशी मरतात आणि ठिसूळ झालेली भिंत एक दिवस फुटते.

आता उपचार. कफ सुटावा म्हणून पाण्यात टाकून घ्यायची फसफसणारी गोळी असते ना, त्यातलं अ‍ॅसिटिलसिस्टीन. शरीरात त्यापासून ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य बनतं. प्रयोगशाळेत या दोन्हींमुळे अडकलेले रेणू पुन्हा सुटे झाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे औषध घेणाऱ्या सहा रुग्णांची त्वचा तपासली होती, कारण हे प्रथिन त्वचेतही साचतं. सहापैकी पाच जणांत साठा ५० ते ९० टक्क्यांनी घटला होता.

पण ही त्वचा आहे, मेंदू नव्हे, आणि रुग्ण फक्त सहा. म्हणून ‘खोकल्याच्या गोळीने ब्रेन हॅमरेज टळतं’ असे फॉरवर्ड कृपा करून पाठवू नका. वृद्धांच्या मेंदूतल्या धमन्यांत साचणारं अमायलॉइड बहुधा बीटा-अमायलॉइड असतं, ते प्रथिनच वेगळं. या दोन्ही आजारांत आज हाती आहे ते एवढंच : रक्तदाब काबूत ठेवणं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या शक्यतो टाळणं. अर्धांगवायूच्या रुग्णाला सीटी स्कॅनआधी घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो.