व्हेडर म्हणजे बाप? हे आधी ठरलं नव्हतं

परवा दादरहून विरार लोकल पकडली. शेजारची दोन कॉलेजातली मुलं छातीठोकपणे सांगत होती, 'स्टार वॉर्स' चित्रपटांमधला खलनायक डार्थ व्हेडर हा नायक ल्यूकचा बाप आहे हे पहिल्यापासूनच ठरलेलं, नावातच आहे ते, डच भाषेत त्याच अक्षरांचा अर्थ बाप! मीही हे अनेक वर्षं ऐकत आलोय.

डच शब्दाचा अर्थ बरोबर आहे. निष्कर्ष मात्र चूक. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात ल्यूकचा गुरू ओबी-वान त्याला सांगतो, व्हेडरनं तुझ्या वडिलांना मारलं. तेव्हा ते सरळ तसंच होतं. दुसऱ्या भागाचा पहिला मसुदा लेई ब्रॅकेट यांनी १९७८ मध्ये लिहिला. त्यात ल्यूकला वडिलांचा आत्मा भेटतो, म्हणजे वडील वेगळे आणि व्हेडर वेगळा! त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रॅकेट गेल्या. मग 'स्टार वॉर्स'चे जनक जॉर्ज ल्यूकस यांनी स्वतः लेखणी हाती घेतली आणि बाप-लेकाचं नातं आलं. चित्रीकरणात तर गुपित फुटू नये म्हणून मुखवट्याआडच्या डेव्हिड प्राउझना वेगळंच वाक्य दिलं होतं: ओबी-वाननं तुझ्या वडिलांना मारलं.

मला हा बदल फार मोलाचा वाटतो. त्यामुळेच काळ्या मुखवट्याआड घालमेल आली. २००५ च्या चित्रपटात अनाकिन, म्हणजे व्हेडर होण्याआधीचा तोच माणूस, बायको बाळंतपणात दगावेल या भीतीनं पुढे सम्राट होणाऱ्या पॅल्पटाइनच्या जाळ्यात सापडतो, आणि १९८३ च्या चित्रपटात तोच पोराला वाचवायला सम्राटाला उचलून खोल विवरात फेकतो.