बोल्टच्या डोक्याखालचा रंग

मे महिन्यात चोपड्याहून फैजपूरला जाताना माझ्या मोटारसायकलच्या मागच्या कॅरिअरचा एक बोल्ट वाटेत कुठेतरी गळून पडला, आणि दुसरा बोटांनी फिरवता येईल इतका ढिला झाला होता. ते कॅरिअर आठवडाभरापूर्वीच बसवलेले होते. बोल्ट माझ्यासमोर करकचून आवळले होते आणि प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वायसरही घातलेला होता. असे झाले की आपण सगळेच ‘हादऱ्याने सैल झाला’ असे म्हणून पुन्हा पाना उचलतो. हे उत्तर खोटे नाही, पण हादरा नेमके काय करतो हे त्यातून कळत नाही आणि म्हणूनच तोच बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होत राहतो.

बोल्ट आवळला जातो तेव्हा तो लांबीत ताणला जातो, आणि हा ताणच दोन तुकड्यांना एकमेकांवर दाबून धरतो. ज्याला दहा नंबरचा पाना लागतो तो ६ मिमी जाडीचा, डोक्यावर ८.८ असा मजबुतीचा आकडा असलेला बोल्ट आपण १० न्यूटन-मीटर इतका, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला साधारण पाच किलोचा जोर लावून आवळला, तर त्यात सुमारे ८०० किलो वजनाइतका ताण निर्माण होतो. पान्याला लावलेल्या जोरापैकी जवळपास ९० टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो, उरलेल्या १० टक्क्यांनी एवढे काम होते. मात्र डोके आणि नट यांच्यामध्ये २५ मिमी जाडीचा ऐवज असेल, तर या ताणाने बोल्ट लांबतो तो फक्त ०.०५ मिमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतका. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

आता हादऱ्याकडे वळू. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या दिशेने होणारी घसर बोल्टला फार लवकर सैल करते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावलेल्या उतरत्या फळीवर मक्याचे पोते ठेवले, तर ते घर्षणामुळे जागीच राहते. पण तेच पोते कोणी आडवे डावीउजवीकडे ओढू लागले, तर प्रत्येक ओढीसरशी ते थोडेथोडे खालीही सरकते, कारण आडव्या घसरीत घर्षण आधीच खर्ची पडलेले असते आणि उताराला अडवायला काही उरत नाही. बोल्टचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली अशीच एक उतरती फळी होय. ६ मिमीच्या बोल्टमध्ये तिचा उतार जेमतेम साडेतीन अंशांचा असतो, म्हणून जोड स्थिर असताना नट आपोआप कधीच फिरत नाही. तुकडे एकमेकांवर आडवे घसरू लागले की मात्र तो प्रत्येक घसरीबरोबर किंचित उलटा फिरतो. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० हेलकावे होतात.

तेव्हा प्रश्न घसर होऊ न देण्याचा आहे. ८०० किलोंचा दाब असलेला जोड, घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला तर, साधारण १२० किलोंचा आडवा रेटा न घसरता सोसतो. दुधाने भरलेली ४० लिटरची किटली खड्ड्यात आपटताना तिप्पट वजनाचा रेटा देते असे मानले, तर एकटा बोल्ट काठावर येतो. चार बोल्ट ताणलेले असतील, तर मात्र काही बिघडत नाही.

माझ्या कॅरिअरचा दोष इथेच सापडला. त्याच्या पट्टीवरचा पावडर कोटिंगचा काळा रंग तसाच ठेवून त्यावर बोल्ट बसवलेला होता. असा रंग साधारण ०.०६ ते ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे बोल्ट ताणाने जेवढा लांबतो त्याहूनही जाड. तो डोक्याखाली दबून ०.०२५ मिमी जरी बसला, तरी ताण जवळजवळ निम्मा होतो, आणि तोही नट तसूभरसुद्धा न फिरता. मग घसर सुरू होते आणि नट फिरू लागतो तो त्यानंतर. रबर किंवा प्लास्टिकचा तुकडा मध्ये असेल तर हे अधिकच वेगाने घडते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि बांधावर दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे काळे लोखंड त्याहून पुष्कळ तापते. त्या उष्णतेत दाबाखालचे प्लास्टिक हळूहळू पसरत जाते आणि संध्याकाळी थंड झाल्यावर पूर्वीच्या जाडीला परत येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की आधी बोल्टखालची जागा सुधारावी. डोक्याखालचा, नटाखालचा आणि दोन तुकड्यांमधला रंग तेवढ्यापुरता खरवडून कडक, जाड साधा वायसर घालावा, आणि आवळून झाल्यावर उघड्या कडेला गंज चढू नये म्हणून रंगाचा हात फिरवावा. रबरातून जाणाऱ्या बोल्टभोवती लोखंडी बुश (नळीचा तुकडा) असावा, म्हणजे बोल्ट रबराला न दाबता बुशाला दाबतो. शक्य तिथे बुश लावून बोल्ट लांब घ्यावा. ५० मिमीचा बोल्ट दुप्पट ताणला जातो, त्यामुळे रंग तेवढाच दबला तरी त्याचा निम्म्याऐवजी पावच ताण जातो. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर एकदा सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण बसायचे ते बहुतेक सुरुवातीलाच बसते.

स्प्रिंग वायसरवर मात्र भिस्त ठेवू नये. बोल्टच्या ताणाच्या मानाने अगदी थोड्या जोरात तो सपाट होतो आणि पुढे साध्या कडीसारखाच वागतो. नायलॉनची कडी असलेला नट खरोखर उपयोगाचा आहे. ताण गेला तरी तो गळून पडत नाही. पण नायलॉन १२० अंशांच्या आसपास नरम पडते, तेव्हा सायलेन्सरजवळ तो लावू नये.

आट्यांना लावायचा गोंद अमेरिकेतील हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात व्हर्नन क्रिबल यांनी १९५३ मध्ये तयार केला. तो हवेअभावी आणि धातूच्या संपर्काने घट्ट होतो, म्हणूनच त्याची बाटली मुद्दाम अर्धवट भरलेली असते. आटे थिनरने पुसून निळा, मध्यम ताकदीचा गोंद लावावा. लाल गोंद लावलेला बोल्ट सोडवायला तो सुमारे २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो. प्लास्टिकला हा गोंद लागला तर ते तडकू शकते, म्हणून फायबरच्या भागांजवळ तो वापरू नये.

शेवटी नट आणि पट्टी यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. ती तुटलेली दिसली की नट फिरल्याचे लांबूनही कळते. तसे दिसल्यास लगेच पाना लावण्याऐवजी बोल्ट पूर्ण सोडून खालची जागा पाहावी. पट्टीवर चकचकीत घासलेला डाग असेल, तर तिथे घसर झालेली आहे.