साडेनऊ मिलिमीटरचं चामडं

स्नूकरच्या टेबलावर पांढरा चेंडू ठेवा, क्यूच्या, म्हणजे चेंडू मारायच्या लांब काठीच्या, टिपला (टोकावर बसवलेल्या चामड्याच्या टोपीला) नीट चॉक लावा आणि चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला हलकेच मारा. चेंडू कुठे आदळायच्या आत अडवा आणि उचलून पाहा. त्यावर चॉकचा एक ठिपका उमटलेला दिसेल, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. चेंडू कुठे जाणार, किती फिरणार, हे सगळं त्या ठिपक्यात ठरून गेलेलं असतं. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. क्यूचा मध्य जिथे रोखला होता, ठिपका नेमका तिथे नसतो. तो चेंडूच्या मध्याकडे थोडा सरकलेला असतो.

असं होतं कारण टिप गोल आहे. दोन गोल वस्तू एकमेकींना टेकतात तेव्हा त्या आपापल्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवरच टेकतात. बाजूला मारताना म्हणूनच टिपचा माथा चेंडूला लागत नाही, तिचा उतार लागतो. टिप घासून तिला घुमटासारखा आकार द्यायचा तो यासाठी, की त्या उतारावर चामडं शिल्लक असावं.

आकडे मांडले की हे फार स्वच्छ दिसतं. स्नूकरच्या चेंडूचा व्यास 52.5 मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या 26.25. चॉक लावलेलं चामडं चेंडूच्या मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येपर्यंत, म्हणजे 13 मिलिमीटरपर्यंत पकड धरतं. त्यापलीकडे ते घसरतं आणि मिसक्यू होतो, म्हणजे फटका फसतो. या टोकाच्या ठिकाणी मारताना टिपचा जो भाग चेंडूला लागतो तो टिपच्या मध्यापासून घुमटाच्या (घुमट ज्या गोलाचा भाग आहे त्या गोलाच्या) निम्म्या त्रिज्येवर असतो. घुमटाची त्रिज्या 9 मिलिमीटर असेल तर 4.5 मिलिमीटरवर. टिप साडेनऊ मिलिमीटर रुंद असेल तर तिची कड मध्यापासून 4.75 वर येते. म्हणजे आपण वाचतो ते पाव मिलिमीटरने! हीच टिप खेळून खेळून चपटी झाली आणि घुमटाची त्रिज्या 12 झाली, की चामडं हवं 6 मिलिमीटरवर, आणि तिथे टिपच नाही. मग चेंडूला कड लागते, कधी पितळी फेरूलही, म्हणजे टिपखालचं कडंही, लागतं. ‘आज हात चालत नाही’ म्हणून वैतागलेल्या खेळाडूने आधी टिपचा उतार पाहावा, असं मी आग्रहाने सांगतो ते यामुळेच.

पूल या स्नूकरसारख्याच खेळातली टिप जास्त रुंद असते, 12-13 मिलिमीटरची. तिथे घुमटाची गोलाई अमेरिकन नाण्यांवरून सांगायची पद्धत आहे: निकेलसारखी किंवा डाइमसारखी. डाइमची त्रिज्या भरते जवळपास 9 मिलिमीटर.

एके काळी क्यूचं टोक नुसतं लाकडी होतं. त्यावर चामडं बसवण्याचं श्रेय फ्रान्सच्या कॅप्टन मिंगो यांना दिलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या तुरुंगात असताना त्यांनी हा ध्यास घेतला होता. त्यानंतर चेंडू फिरवण्याचं शास्त्र इतकं पुढे गेलं, की 1835 साली कोरिऑलिसने बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खा ग्रंथ लिहिला. वाऱ्यांच्या दिशेच्या संदर्भात भूगोलात भेटतो तोच हा कोरिऑलिस. मध्याच्या वर त्रिज्येच्या दोन-पंचमांश अंतरावर, स्नूकरमध्ये साडेदहा मिलिमीटरवर, आडवा फटका बसला तर चेंडू न घसरता पहिल्या क्षणापासून लोळत जातो, हे गणितातून निघतं.

टिपची झीज का होते तेही पाहू. चेंडूचं वजन साधारण 140 ग्रॅम. त्याला सेकंदाला 5 मीटरचा वेग द्यायचा, आणि टिप त्याला चिकटून असते सुमारे एक सहस्रांश सेकंद. म्हणजे सरासरी 700 न्यूटनचं बल, सत्तर किलोचा माणूस उभा राहावा तेवढं, आणि तेही हरभऱ्याएवढ्या जागेवर. चामडं म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची दाट गुंतवळ. असे शेकडो फटके बसले की ते तंतू दबतात, बाहेरच्या बाजूला पसरतात आणि टिप फेरूलच्या बाहेर भूछत्रासारखी लोंबू लागते. या वाढलेल्या कडेखाली आधार काहीच नसतो, म्हणून ती कापून टाकावीच लागते. क्यू उलटा करून टिप लाकडी फळीवर टेकवायची, धारदार पात्याने फेरूलच्या रेषेत कड छाटायची आणि मग बाजू ओलसर करून चामड्याच्या तुकड्याने जोरात घासायची. बाजू कडक झाली की ती पुन्हा लवकर पसरत नाही.

माथ्याचं दुखणं वेगळं. दबून दबून तो चकाकू लागतो आणि त्यावर चॉक टिकत नाही. प्रकाशात तिरपा धरला तर काळसर चमक लगेच कळते. अशा वेळी बारीक पॉलिश पेपरने दोन-चार हलके हात पुरतात, पृष्ठभाग खरखरीत होईपर्यंतच. कडेकडून माथ्याकडे घासत न्यायचं आणि क्यू बोटांत फिरवत राहायचं, म्हणजे उतार चहूबाजूंनी सारखा येतो. दर खेळाआधी घासण्याची सवय मला पटत नाही, कारण गेलेलं चामडं परत येत नाही.

चॉक हा नावापुरताच खडू. 1897 साली विल्यम स्पिंक्स हा खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ यांनी पेटंट घेतलं ते सिलिका आणि कुरुंदासारख्या कठीण भुकटीच्या मिश्रणाचं. हे कण चामड्याच्या तंतूंत अडकतात आणि घर्षण वाढवतात. म्हणून चॉक ब्रशसारखा फिरवून लावायचा. चॉकला भोक पाडल्यासारखा तो टिपवर गरगर फिरवला तर फेरूल घासलं जातं आणि माथा कोराच राहतो.

मऊ टिपने जास्त फिरकी मिळते असं अनेकांना वाटतं. पण टिप घसरली नाही तर वेगाच्या मानाने किती फिरकी मिळणार हे ठरवतं फटक्याचं मध्यापासूनचं अंतर. मऊ-कठीणपणामुळे बदलतो तो हाताला जाणवणारा स्पर्श, आवाज आणि टिपचं आयुष्य.

टिप फारच बुटकी झाली की बदलायची. फेरूलचं तोंड आणि टिपचा तळ दोन्ही सपाट हवेत. एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरल्यावर मध्ये फट दिसता कामा नये. टिप चिकटवायचा सायनोअॅक्रिलेट गोंद (सुपरग्लू) पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ओलाव्यामुळे घट्ट होतो आणि पातळ थरातच उत्तम धरतो, तेव्हा एक थेंब पुरे. नवी टिप पहिले काही दिवस दबत राहते, त्यामुळे सुरुवातीला दिलेला उतार टिकत नाही. दोन-तीनदा खेळून झाल्यावर तो पुन्हा एकदा घासून जागेवर आणावा लागतो.