जबाबदारी जिल्हा परिषदेची, माणसं योजनेची

सेरेब्रल पाल्सी असलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या शिक्षणाबद्दल सातारा जिल्ह्यात जाब कुणाला विचारायचा? कायद्यातलं उत्तर सरळ आहे: गावात जिल्हा परिषदेला, शहरात नगरपालिकेला. कायद्याच्या भाषेत हेच ‘स्थानिक प्राधिकरण’. प्रत्यक्षात पालक शिक्षण विभागातून समाजकल्याणकडे, तिथून समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या कक्षात आणि तिथून परत मुख्याध्यापकांकडे धाडला जातो. या टोलवाटोलवीची मुळं बरीच जुनी आहेत. ती ठाऊक असली की कोणतं टेबल खरोखर बांधील आहे हे पालकाला सांगता येतं.

मुंबई प्रांतात १९२३च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे दिला. १९४७चा कायदा, जिल्हा स्कूल बोर्डं, १९४९मध्ये दक्षिण सातारा (म्हणजे आजचा सांगली) वेगळा होणं, असं करत १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गरिबाचं पोर शाळेत आणलं पाहिजे ही जिद्द या मातीत त्याआधीपासून होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७मध्येच शिक्षण सक्तीचं केलं होतं.

पण त्या काळातली सक्ती पालकावर होती. पोर शाळेत पाठवलं नाही तर दंड बापाला. अशा कायद्यांत मुलाचं आजारपण किंवा शारीरिक दुर्बलता हे शाळेत न येण्याचं मान्य कारण असे. अपंग मूल घरी बसलं तर कुणीच दोषी नव्हतं: पालकाला सवलत मिळाली आणि सरकारवर काही बंधन आलं नाही. माझ्या मते आजच्या पुष्कळ अडचणींचं मूळ या सवलतीत आहे. ती कायद्यातून गेली, शाळेच्या सवयीतून गेली नाही.

स्वयंसेवी संस्थांनी मूकबधिर, अंध आणि मतिमंद (तेव्हाचा शब्द) मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या. सरकारनं त्यांना अनुदान दिलं आणि देखरेख जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे आली. नेहमीच्या शाळा शिक्षण विभागाकडेच राहिल्या. एकाच इमारतीत दोन विभाग आणि मूल मधल्या जिन्यात, अशी ही वाटणी झाली. केंद्रातही तेच होतं. सामान्य शाळेत अपंग मुलांना सामावून घेणारी एकात्म शिक्षण योजना १९७४मध्ये सुरू झाली ती कल्याण खात्याकडे. शिक्षण खात्याकडे ती गेली १९८२मध्ये. आपल्या राज्यात डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. त्याचं स्वागतच आहे, पण ‘तो विषय आमच्याकडे नाही’ म्हणायला आणखी एक दार त्यामुळे तयार झालं.

१९९५चा अपंग व्यक्ती कायदा ७ फेब्रुवारी १९९६पासून लागू झाला. त्याच्या कलम २६नं पहिल्यांदा सरकारबरोबर स्थानिक प्राधिकरणाचंही नाव घेतलं: अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला अठराव्या वर्षापर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण मिळेल हे त्यांनी पाहायचं. हे कर्तव्य मोडलं तर काय, याची शिक्षा मात्र कायद्यात नव्हती. शिक्षेचं कलम होतं ते खोटेपणानं सवलत लाटणाऱ्यासाठी.

मग सर्व शिक्षा अभियान (समग्र शिक्षाच्या आधीची योजना) आलं आणि प्रश्नाला नवं वळण लागलं. ‘एकाही मुलाला नाकारायचं नाही’ हे धोरण आलं, दर मुलामागं वर्षाला १,२०० रुपयांची तरतूद आली, तालुक्याच्या गट साधन केंद्रांवर विशेष शिक्षक आले. जिल्ह्यात कितीतरी घरांत पहिल्यांदाच कुणी शिकलेलं माणूस त्या मुलाशी बोलायला, त्याच्या हाताला वळण लावायला जाऊन बसलं. या शिक्षकांचं ऋण मोठं आहे. पण ते कंत्राटी होते. नेमणूक योजनेची, मानधन योजनेचं, मुदतवाढ वरून येणार. कायद्यानं कर्तव्य जिल्हा परिषदेवर टाकलं आणि ते पार पाडणारी माणसं मात्र तिच्या आस्थापनेवर कधी आलीच नाहीत. एका विशेष शिक्षकाकडे दोन-अडीच डझन गावं असली की मुलाच्या वाट्याला आठवड्याचा एखादा तास, तोही पावसाळ्यात हुकणारा. पाटणच्या डोंगरात किंवा कोयनेच्या पाण्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. पालकानं विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘वरून निधी आला की बघू.’

१ एप्रिल २०१०ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि सक्तीची दिशा उलटली. कलम ८ आणि ९ नुसार ‘सक्तीचं’ म्हणजे सरकारला आणि स्थानिक प्राधिकरणाला सक्ती. हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं, प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होण्यावर लक्ष ठेवणं, इमारत, शिक्षक आणि साहित्य पुरवणं हे सगळं प्राधिकरणाचं काम. ऑगस्ट २०१२पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं अपंगत्व असलेलं मूल ‘वंचित गटा’त आलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि त्यांत वंचित गटाच्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात, त्यामुळे या मुलांच्या आईवडिलांचाही तिथं हक्क लागतो. समितीच्या बैठकांत हे कुणी सांगत नाही.

त्याच दुरुस्तीनं बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. पर्याय मुलाचा आणि पालकांचा आहे. व्यवहारात तो शाळेची सोय झाला. नाव पटावर, शेरा ‘गृहाधिष्ठित’ आणि वर्गात जागा नाही. ज्या आईला पोर रोज कडेवर घेऊन शाळेत आणायची तयारी आहे, तिलाही ‘कशाला त्रास घेता’ असं प्रेमानं सांगितलं जातं.

सोयींचंही असंच. जावळीतल्या एका द्विशिक्षकी शाळेचा रॅम्प मी पाहिलाय. ओटा दीड फुटाचा आणि रॅम्प जेमतेम पाच फूट लांब. एक फूट चढायला बारा फूट लांबी हा नियम धरला तर तो अठरा फूट हवा. वर पोचलं की दारात चार बोटं उंबरा. व्हीलचेअर ढकलत नेणाऱ्याला ती शेवटी उचलावीच लागते. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीनोंदीच्या तक्त्यात ‘रॅम्प: आहे’ एवढी नोंद झाली की प्रश्न मिटतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा, लागू १९ एप्रिल २०१७पासून. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. कलम १७नं स्थानिक प्राधिकरणालाही दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करायला बांधील केलं, पहिलं दोन वर्षांच्या आत. कलम ३१नं चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षण दिलं, शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. चौदा ते अठरा ही शिक्षण हक्क कायद्यात सुटलेली चार वर्षं इथं सापडतात. आणि या वेळी कायदा मोडणाऱ्यालाही दंड आला: पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, पुढं पन्नास हजार ते पाच लाख.

शिक्षकांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्रमाण घालून दिलं: प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक, त्यापुढं पंधरांमागं एक. मार्च २०२५मध्ये न्यायालयानं राज्यांना मंजूर पदं जाहीर करण्याची मुदतच दिली. महाराष्ट्रानं २०२४मध्ये केंद्रस्तरावर (केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) ४,८६० पदं निर्माण करायचं ठरवलं. वर्षानुवर्षांच्या कंत्राटानंतर हे मोठं पाऊल आहे. पण एका केंद्रात अनेक शाळा असतात, त्यामुळे दहामागं एक हे प्रमाण आपल्या तालुक्यात कितपत पाळलं जातंय, ते विचारावंच लागेल.

विचारायचं कुठं? जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीच्या सभेत सदस्यानं प्रश्न लावणं हा जुना मार्ग. मार्च २०२२मध्ये सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला आणि पुढची काही वर्षं निवडणूकच नसल्यानं हा मार्ग बंद राहिला. त्या काळातही उघडा होता तो शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२चा रस्ता. स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्यायची. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. दिव्यांग कायद्याखालची तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही नेता येते.

बहुतेक पालक तोंडी बोलून परत येतात, आणि तोंडी बोलण्याला कार्यालयात दिवस मोजले जात नाहीत. अर्ज दोन प्रतींत करावा. मुलाचं नाव, वय, शाळा, काय मागितलं आणि काय उत्तर मिळालं ते तारखांसह लिहावं, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ आणि ३२चा उल्लेख करावा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नये.